वेगळी ऊब

कल्याणांत राहणाऱ्या माणसानें घर तापविण्याच्या प्रश्नावर लेखणी उचलावी, हें प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. आमच्या या खाडीकांठच्या गांवांत वर्षांतले बहुतेक दिवस मनुष्य घर थंड कसें राहील याच विवंचनेंत असतो. पौष-माघांत चार पहांटा गोधडी अंगावर ओढावी लागली, तर तेवढ्यावर 'यंदा थंडी फार' असें आम्ही एकमेकांस आठवडाभर सांगत बसतों. तथापि जो प्रश्न आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे तो आम्हांस सुचला थंडीच्या मुलुखांत, एका घर तापविणाऱ्या यंत्राच्या निमित्तानें. आणि परत येऊन पाहतों तों तोच प्रश्न उलटा वेष घेऊन खुद्द आमच्याच घरांत उभा आहे असें आढळून आलें. प्रश्न थोडक्यांत असा : एका कुटुंबांतल्या सर्वांना सारखेंच देणें हा न्याय, कीं ज्याला त्याला गरजेप्रमाणें वेगळें देणें हा न्याय? आणि वेगळें देणेंच न्याय्य ठरलें, तर त्या वेगळेपणानें कुटुंबाचें कांहीं हरवतें कीं काय?

दोन वर्षांपूर्वीं अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ राहणाऱ्या आमच्या पुतण्याच्या घरीं पाळणा हलावयाचा होता. आमच्या मातोश्रींचें वय त्या वेळीं ब्याऐंशी. पणतवंड मांडीवर घेतल्यावांचून आपण डोळे मिटणार नाहीं, असें त्यांनीं जाहीर केल्यामुळें त्यांस सोबत म्हणून आम्ही कॉलेजांतून रजा काढली, आणि नोव्हेंबरच्या मध्यास आम्ही मायलेक तेथें जाऊन पोंचलों. पुढें आठ दिवसांनीं सूनबाई सुखरूप बाळंत झाली.

त्या घराच्या तळघरांत तेलावर चालणारा एक बॉयलर आहे. ज्यांनीं न्हाणीघरांतला तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांस त्याची कल्पना येण्यास अडचण पडूं नये. हाही बंबच; मात्र याचें पाणी अंगावर घेण्यासाठीं नसून घराच्या अंगांत खेळविण्यासाठीं असतें. पंप तें ऊन पाणी तांब्याच्या नळांतून ढकलतो; नळ भिंतींच्या पायथ्याशीं खोल्याखोल्यांतून फिरतो; त्यावर बसविलेल्या पातळ पत्र्यांच्या ओळींना लागून हवा तापते व वर चढते; आणि निवालेलें पाणी पुन्हां बंबाकडे परततें. बंबानें केव्हां पेटावें व केव्हां विझावें हें ठरविणारें एक लहानसें यंत्र भिंतीवर टांगलेलें असतें, त्यास थर्मोस्टॅट म्हणतात. त्यावर आंकडा लावून ठेवावा. भोंवतालची हवा आंकड्याच्या खालीं उतरली कीं बंब पेटतो, आंकडा गांठला कीं विझतो. पुतण्याच्या घरीं असा थर्मोस्टॅट एकच होता, आणि तो स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळांत होता.

मातोश्रींस जिना चढण्याचा त्रास नको, म्हणून त्यांची व्यवस्था खालच्या मजल्यावर, घराच्या मागच्या टोकास असलेल्या खोलींत केली होती. त्या खोलीच्या तीन भिंती बाहेरच्या वाऱ्याला लागलेल्या, आणि नळाच्या फेऱ्यांतली ती शेवटची खोली. म्हणजे साऱ्या घराला ऊब वांटून थकलेलें पाणीच तिच्या वांट्यास येई. थर्मोस्टॅटवर २० अंशांचा आंकडा होता, आणि घरांतली सर्व मंडळी त्या आंकड्याकडे बोट दाखवून घर उबदार आहे असें म्हणत होती. त्यांत आम्हीही होतों.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत एके रात्रीं दोनच्या सुमारास पाणी पिण्याकरितां आम्ही खालीं उतरलों, तों स्वयंपाकघरांत मातोश्री खुर्चीवर पाय वर घेऊन, दोन शाली लपेटून बसलेल्या दिसल्या.

"झोंप येत नाहीं का ग आई?"

"पाय गार पडतात रे. इथं जरा बरं वाटतं."

"कधींपासून?"

"आल्यापासूनच. पण सगळ्यांना पुरतं तें मला पुरलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशीं त्यांच्या खोलींत उष्णतामापक ठेवून पाहिला. सकाळीं त्यानें १५ दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं घरांविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत थंड ऋतूंत घरांतली हवा १८ अंशांखालीं जाऊं देऊं नये असें सांगितलें आहे, आणि वृद्धांस त्याहून अधिक ऊब लागण्याचा संभव मानला आहे. म्हातारपणीं स्नायु झडतात, त्यामुळें शरीर स्वतःची उष्णता कमी उत्पन्न करतें. तिला राखण्याची शक्तिही मंदावते. ज्या हवेंत तिशींतला मनुष्य सदऱ्यावर वावरतो, त्याच हवेंत ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचें हाड गारठतें. एकच आंकडा, पण तो दोघांना दोन प्रकारें लागू पडतो.

पहिला उपाय सरळ होता, आंकडा वाढविला. २४ वर नेला तेव्हां मातोश्रींची खोली कशीबशी १९ पर्यंत चढली. परंतु इकडे बाळाच्या मानेवर घामोळें उठलें आणि सूनबाईनें कासावीस होऊन खिडकी उघडली. बाहेर बर्फ, तळघरांत ढणढणणारा बंब, आणि मध्यें उघडी खिडकी, असा देखावा दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशीं मातोश्रींनींच तो आंकडा खालीं आणावयास लावला. विजेची शेगडी खोलींत ठेवावी, तर पदर आणि शाल यांची धास्ती. शेवटीं प्लंबरला बोलाविलें. त्यानें सुचविलें, कीं मागच्या बाजूस नळाची एक स्वतंत्र शाखा काढावी, तिच्यावर आपोआप उघडमीट करणारा व्हॉल्व्ह बसवावा, आणि त्या खोलींत दुसरा थर्मोस्टॅट लावावा. ती खोली ऊब मागेल तेव्हां तेवढाच व्हॉल्व्ह उघडेल, बंब पेटेल आणि पाणी तेवढ्याच वाटेनें जाईल. बाकीचें घर आपल्या २० अंशांवर सुखानें राहील. यास ते लोक वेगळा 'झोन' म्हणतात. त्यानें एक सूचनाही दिली : हा विभाग अगदीं लहान करूं नये. फार लहान विभागाची भूक क्षणांत भागते. मग मोठा बंब घडीघडी पेटतो, घडीघडी विझतो आणि लवकर झिजतो. म्हणून शेजारचें न्हाणीघर व बसावयाची लहान खोलीही त्या शाखेंतच घ्यावी.

मातोश्रींनीं हें सर्व ऐकून घेतलें, आणि एकच प्रश्न विचारला : "या वयांत मला वेगळं काढतां होय रे?"

वाचकहो, मराठी माणसास या एका शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. 'वेगळी चूल' या दोन शब्दांत आपल्या भाषेनें घर फुटल्याची सारी कथा भरून ठेविली आहे. आम्हीही तत्काळ मातोश्रींचाच पक्ष घेतला. आम्ही म्हणालों, कीं कुटुंब म्हणजे एका छपराखालचें एक हवामान. ज्याला थंडी वाजेल त्यानें शाल घ्यावी, ज्याला उकडेल त्यानें सदरा काढावा, आणि सर्वांनीं थोडें थोडें सोसावें. प्रत्येकाला त्याचा त्याचा ऋतु निराळा करून दिला, तर मग घरांत आणि खाणावळींत फरक तो काय? भाषण आमच्या मतें बरेंच चांगलें झालें.

पुतण्या मुळांत अबोल. तो म्हणाला, "काका, रागावूं नका, पण थोडें थोडें सोसायचें म्हणतां, तें आजवर सोसलें कोणी? वाड्यांत आपली चूल एक होती. मे महिन्यांत त्या चुलीपुढें कोण बसत होतें, आणि ओटीवर झोपाळ्यावर कोण बसत होतें?"

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण आम्ही झोपाळ्यावर बसणाऱ्यांपैकीं होतों. पारनाक्याजवळच्या त्या वाड्याची रचना डोळ्यांपुढें उभी राहिली. ओटीवर खाडीचा वारा येई, माजघर सावलीचें, आणि स्वयंपाकघर मात्र मागच्या अंगास, धुरकट, एका गवाक्षाचें. सकाळच्या बंबाचेंही तसेंच. पहिलें कढत पाणी आजोबांचें, मग वडील व काका, मग शाळेंत जाणारीं आम्ही मुलें. आणि सर्वांमागून, बंबांतला विस्तव राख होऊन गेल्यावर, आईचें कोमट स्नान. चूल एक होती, बंब एक होता, हें खरेंच. परंतु त्या एकाच चुलीचें अन्न सर्वांना आणि धग मात्र एकीला, त्या एकाच बंबाची ऊब पहिल्याला आणि राख शेवटचीला, असा तो एकोपा होता. घराचे विभाग तेव्हांही होते; त्यांना नांव नव्हतें, म्हणून ते आम्हांस दिसले नाहींत इतकेंच.

अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत दाखवून दिलें आहे, कीं वांटणींतला न्याय म्हणजे सर्वांना सरसकट एकच माप नव्हे. ज्या बाबतींत माणसांमध्यें खरोखर भेद आहे, त्या बाबतींत माप त्या भेदाच्या प्रमाणांत असलें पाहिजे. हें वचन आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत आहों. तें आमच्याच घरीं लागू करण्याची वेळ आली, तेव्हां मात्र आम्ही शाल पांघरण्याचा उपदेश करीत होतों.

मातोश्रींची समजूत ना आमच्यानें पडली ना पुतण्याच्यानें. ती घातली सूनबाईनें. बाळंतपण होतांच मातोश्रींनीं तिच्या खोलींत निखाऱ्यांची शेगडी हवी म्हणून हट्ट धरला होता, आणि धुरानें घरांतल्या घंटा वाजूं लागतील या भयानें तो मोडावा लागला होता. सूनबाई म्हणाली, "आजी, ही वेगळी चूल कशाला समजतां? बाळंतिणीची खोली समजा. माझ्यासाठीं तुम्हांला शेगडी हवी होतीच ना? तीच आतां तुमच्यासाठीं." मातोश्री हंसल्या, आणि चार दिवसांत नळ जोडला गेला.

सूनबाईच्या त्या वाक्याचा आम्ही पुढें पुष्कळ विचार केला. आपल्या जुन्या घरानें एका खोलीला मात्र उघडपणें निराळें हवामान दिलें होतें. बाळंतिणीच्या बाजेखालीं शेगडी ठेवीत, दारें-झरोके लावून घेत, वारा लागूं देत नसत. त्या प्रथेंत अज्ञान होतें, धूर होता, सोयराचा दूरपणाही होता. तिचें पुनरुज्जीवन व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिच्या मुळाशीं एक शहाणी कबुली होती, कीं जो आज अशक्त आहे त्याची गरज इतरांसारखी नाहीं, आणि ती भागविण्यासाठीं सर्वांच्या चुलींतला विस्तव काढून त्याच्या खोलींत नेला पाहिजे. विस्तव मुख्य चुलीचाच. खोली तेवढी वेगळी. म्हणजे विभाग पाडणें आणि चूल वेगळी करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या थर्मोस्टॅटचा इतिहासही बोधप्रद आहे. त्याचा एक आद्य शोधक वॉरेन जॉन्सन हा विस्कॉन्सिन संस्थानांतल्या शिक्षकांच्या एका विद्यालयांत प्राध्यापक होता, हें वाचून आमच्या व्यवसायबंधुत्वास थोडा अभिमान वाटला. वर्गांची ऊब पाहण्यासाठीं रखवालदार तासातासाला खोल्यांतून डोकावे, आणि तळघरांत जाऊन भट्टीच्या झडपा खालींवर करी. १८८३ सालीं जॉन्सननें विजेच्या योगानें खोलींतून रखवालदाराला वर्दी देणारें यंत्र काढलें; खोली थंड झाली कीं तळघरांत घंटा वाजे. पुढें १८९५ सालीं प्रत्येक खोलीची ऊब आपोआप राखणाऱ्या योजनेचें पेटंट त्यास मिळालें. पहिल्या यंत्रानें खोलीला वाचा दिली, आणि दुसऱ्यानें ती ऐकणाऱ्या माणसाची गरज नाहींशी केली.

थर्मोस्टॅटपासून आम्ही जें शिकलों तें असें. हें यंत्र खोटें बोलत नाहीं. पण तें जेथें टांगलेलें असतें तेवढीच हवा त्यास कळते. पुतण्याच्या घरीं तें स्वयंपाकघराच्या उबेंत होतें, म्हणून सारें घर उबदार आहे असें तें प्रामाणिकपणें सांगत होतें. कुटुंबांतही सुखदुःखाचें माप असेंच एका जागीं टांगलेलें असतें, आणि तें बहुधा कर्त्या माणसाच्या खोलींत असतें. तो दुष्ट असतो असें नव्हे. आपल्याला पुरतें तें सर्वांना पुरत असेल, असा त्याचा समज असतो. आणि ज्यांना तें पुरत नाहीं त्यांना तसें बोलून दाखविण्याची संवय नसते. म्हणून दुसरें यंत्र मागच्या खोलींत लावणें हा घर फोडण्याचा प्रकार नसून, त्या खोलीला घरांत मत देण्याचा प्रकार आहे, असा आमचा निर्णय झाला. येथें लेख संपविला असता तर तो सुखान्त झाला असता.

पण नवा विभाग सुरू झाल्यावर दोन गोष्टी घडल्या. ऊब बाहेर जाऊं नये म्हणून मातोश्रींचें दार लोटलेलें राहूं लागलें. पूर्वीं संध्याकाळीं त्यांना थंडी वाजेल म्हणून कोणी ना कोणी त्यांना दिवाणखान्यांत बोलावून आणी. बाळ त्यांच्या मांडीवर दिलें जाई, गप्पा होत. आतां त्यांची खोली उबदार होती. त्यांना बोलावण्याचें कारण उरलें नव्हतें. शोपेनहौएरनें १८५१ सालच्या एका ग्रंथांत साळिंदरांचा दृष्टांत दिला आहे : थंडीमुळें तीं जवळ येतात, कांटे टोंचतात म्हणून दूर सरतात, आणि अखेर मधलें एक अंतर धरून राहतात, ज्याच्यापाशीं स्वतःची ऊब पुरेशी आहे तो मात्र कळपापासून दूरच राहतो. तो दृष्टांत वर्गांत सांगतांना आम्हांस त्यांतला विनोदच अधिक दिसे. जानेवारींतल्या एका रात्रीं जेवणाच्या मेजावर एकाएकीं ध्यानांत आलें, कीं गेल्या चार दिवसांत "आजी, थंडी वाजते का?" हा प्रश्न घरांत कोणीच विचारला नव्हता.

आम्ही उठून त्यांच्या खोलीकडे गेलों. दार उघडलें तों आंत गारवा. यंत्र बिघडलें असावें असें वाटून भिंतीकडे पाहिलें, तर आंकडा १६ वर होता. मातोश्री शाल पांघरून पडल्या होत्या.

"आई, हा आंकडा कोणीं खालीं केला?"

"मीच. रात्रीं झोंपेंत कुणाला काय कळतंय? उगाच पोराचं तेल जळतं."

त्यांच्या हातीं कळ दिली होती. नळ होता, बंब होता, ऊब मागण्याचा पूर्ण अधिकार होता. आणि साठ वर्षें राखेच्या बंबावर स्नान केलेल्या त्या बाईनें तो अधिकार सर्वांच्या हितासाठीं मुकाट्यानें परत केला होता. यंत्रानें मागण्याची सोय होते. मागण्याची संवय यंत्र लावूं शकत नाहीं. त्या रात्रीं पुतण्यानें स्वतः आंकडा २२ वर लाविला, आणि पुढें आम्ही तेथें होतों तोंपर्यंत तो रोज निजण्यापूर्वीं त्या खोलींत जाऊन बसत असे. आंकडा पाहणें हें निमित्त. अर्धा तास गप्पा चालत.

मार्चमध्यें आम्ही परत आलों, आणि एप्रिल लागतांच उकाडा सुरू झाला. आमच्या कल्याणच्या घरीं वातानुकूलित खोली एकच आहे, आणि ती आमची आहे. पेपर तपासतांना घामानें कागद भिजतात, हें कारण आम्ही सहा वर्षांपूर्वीं दिलें होतें. त्या यंत्राचें धर्मस्वरूप घर तापविणाऱ्या बंबाच्या उलट आहे. तें थंडी निर्माण करीत नाहीं. खोलींतली उष्णता उचलून बाहेर टाकतें, आणि तसें करण्यास जी वीज खर्ची पडते तिची उष्णताही तींत भर घालते. म्हणून खोलीनें जेवढी गमावली त्याहून अधिक उष्णता बाहेर जाते. ती जाते कोठें? आमच्या यंत्राचा बाहेरचा डबा मागच्या गॅलरींत आहे. गॅलरीच्या दाराशीं मातोश्रींची खाट आहे. सहा वर्षें आम्ही आमचा उन्हाळा त्यांच्या उशाशीं नेऊन टाकीत होतों, आणि तें आमच्या लक्षांत येण्यास बोस्टनपर्यंत जावें लागलें.

मग सर्वत्र हाच हिशेब दिसूं लागला. आमच्या मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०२० च्या डिसेंबरांत वातानुकूलित लोकल सुरू झाली. आम्ही तींतून प्रवास केला आहे, आणि वर्षानुवर्षें दाराला लोंबकळून गेलेल्या माणसास तिचें सुख काय वाटतें हें आम्ही जाणतों. परंतु २०२२ च्या ऑगस्टमध्यें साध्या गाड्यांच्या जागीं अशा दहा फेऱ्या घालण्यांत आल्या, तेव्हां कळवा व बदलापूर येथें प्रवासी संतापून उठले, आणि रेल्वेस त्या फेऱ्या मागें घ्याव्या लागल्या. रूळ एकच, वेळ एकच; गार डब्यांतल्या माणसाची मोकळी जागा ही मागच्या साध्या गाडींतल्या वाढत्या गर्दींतून कापलेली होती. गार गाडी असणें हा दोष नव्हे. सामाईक वाट्यांतून वेगळें सुख काढतांना, वाटा कोणाचा कमी झाला हें न पाहणें हा दोष.

तेव्हां वेगळ्या विभागाची परीक्षा आमच्या मतें अशी करावी. तो अशक्ताच्या गरजेसाठीं काढला आहे, कीं समर्थाच्या सोयीसाठीं? त्यांतून बाहेर टाकलेली धग कोणाच्या अंगावर जाते? आणि तो झाल्यावर एकमेकांची विचारपूस चालू राहिली कीं थांबली? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कारागीर देऊं शकेल. तिसऱ्याचें उत्तर ज्याचें त्यानें रोज द्यावयाचें आहे.

जुन्या घरांत बाळंतिणीच्या खोलींत ऊब आपोआप जात नसे. कोणीतरी चुलींतले निखारे घमेल्यांत घेऊन, पदर सांवरीत, तेथपर्यंत चालत जाई. उंबऱ्याशीं थांबून विचारी, "बाई, पुरे का अजून आणूं?" ऊब आणि विचारपूस एकाच हातानें जात असत. आतां ऊब नळांतून जाते, गारवा तारेंतून येतो, आणि हें चांगलेंच झालें; निखाऱ्यांनीं हात भाजून घेण्यांत कांहीं पुण्य नव्हतें. परंतु नळ विचारीत नाहीं. तेवढें काम आपल्याकडेच राहिलें आहे.

आम्ही यंत्राचा बाहेरचा डबा गॅलरींतून काढून गच्चीवर चढविला. मातोश्रींना आमच्या खोलींत निजण्याचा आग्रह केला, पण गार हवेंत त्यांचे गुडघे धरतात. म्हणून निजण्यापूर्वीं आम्ही गॅलरीच्या दाराशीं जातों आणि विचारतों, "आई, उकडतं का?" त्या रोज "नाहीं" म्हणतात. तें खरें कीं संवयीचें, हें ठरविण्यासाठीं थोडा वेळ खाटेवर बसावें लागतें.